कोपराला गूळ

बासष्ट किलो डोक्यावर नेताना दुखत नाही.
दुखतं नंतर,
चहाचा कप उचलताना,
लॅचची किल्ली फिरवताना,
महापेच्या कारखान्यात रंगाच्या डब्याचं झाकण
उचकटताना, दिवसातून शंभरदा.
(माझं काम तेच. नमुन्याशी रंग जुळतो का बघायचं.
राखी निळा, शेवाळी हिरवा, आणि एक पांढरा
ज्याची अकरा नावं आहेत.)

उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर
एक बोट ठेवलं की पुरे. तिथेच.
कुणीतरी आतून टाचणी लावून
मी जागी आहे का पाहतंय.

उपाय सगळ्यांकडे होते.
वत्सलाकाकूंकडे निर्गुडीचा पाला,
पॅकिंगमधल्या गजभियेकडे
वासानेच माणूस बरा व्हावा असं मलम,
नणंदेकडे एक वाक्य: बायकांनी कशाला ते.
घणसोलीच्या व्यायामशाळेत हिराजी सर म्हणाले,
"झोंबतंय ना? मग वाढतंय."
सर चांगले आहेत.
पण सरांचा स्वतःचा डावा हात पूर्ण सरळ होत नाही,
ब्याण्णव सालापासून.
सात वर्षं त्यांच्यासमोर उभी राहते,
त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग कोपरखैरणे.
हसू नका, दवाखाना खरंच तिथे आहे,
मिठाईवाल्याच्या वर, जिन्यात तुपाचा वास.
डॉक्टर इशरत मुकादम. माझ्याहून लहान,
मनगट चिमणीएवढं.
म्हणाली, "मूठ आवळा. आता मी दाबते, तुम्ही सोडू नका."
मी सोडली नाही.
तोंडातून जो शब्द सुटला तो इथे लिहीत नाही.

"इंजेक्शन?" मी आशेने.
"नको. घरात हातोडी आहे?"

नव्हती. तळमजल्यावरच्या थोरातांकडून आणली,
कशाला हवी ते सांगितलं नाही.
रात्री जेवणाच्या टेबलाच्या कडेला हात टेकवून
हातोडी उभी धरायची,
हळूच एका कुशीवर, हळूच दुसऱ्या.
चिन्मयी पाणी प्यायला उठली,
दारात थबकली.
अंधारात आई, हातात हातोडी, ओठ हलतायत.
"आकडे मोजतेय गं," म्हटलं.
ती पाणी न पिताच गेली.

आणि एक किलोचं गुलाबी डंबेल.
डाव्या हाताने वर न्यायचं,
उजव्याने एकटीने खाली आणायचं, पाच मोजत.
"वर न्यायला तुम्हाला येतं," इशरत म्हणाली,
"खाली ठेवायला शिकू.
दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल,
चार झालं की थांबायचं."

मी आयुष्यात चारला थांबलेली नाही.
बाळंतपणात नाही, सासरी नाही,
कर्जाच्या बावीस हप्त्यांत नाही.

पाचव्या आठवड्यात तिला कोपरापासून नमस्कार
करून टाकावा म्हटलं,
तर तोही दुखला.
बारा आठवड्यांचं बोलून
तिने माझ्या कोपराला गूळ लावून ठेवला होता,
जीभ माझी, कोपर माझा,
आणि मधलं अंतर मोजायला
एक गुलाबी किलो.

कधी कमी झालं ते कळलं नाही.
नवव्या आठवड्यात एका बुधवारी
पांढऱ्या रंगाचं झाकण उघडलं,
काडी बुडवली, उजेडात धरली, वहीत नोंद केली,
आणि पुढच्या डब्यापाशी आठवलं
की आत्ता काही आठवलंच नव्हतं.

काल व्यायामशाळेत परत गेले.
सरांनी नुसती दांडी दिली, चकत्यांशिवाय.
वर नेली. तिथे थांबले.
सर सवयीने ओरडले, "टाक!"
आमच्यात वरून सोडूनच देतात,
धाडकन. रबराची जमीन त्यासाठीच असते.
मी टाकली नाही.
एक, दोन, खांद्यापाशी,
तीन, मांडीपाशी, चार,
पाचला जमीन.

आवाज आला नाही
म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं.
हिराजी सर आपला वाकडा हात
नकळत चोळत होते.

दुखलं?
दोन. दहापैकी.
हातोडी अजून थोरातांना परत केलेली नाही.
सरांसाठी एक घ्यावी लागेल.